स्वप्नातला नवरा आणि त्याची मजुरी

कोरियन गायकाशी आपले लग्न लागले आहे, सासूबाई आग्रहाने किमची वाढीत आहेत आणि आपण मोडक्यातोडक्या कोरियनमध्ये ‘पुरे’ म्हणत आहोत, असे स्वप्न दूरदेशीची एखादी चाहती पाहते. तिला हसणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. परक्या मुलखातल्या माणसाशी घर मांडावेसे वाटणे हे द्वेषापेक्षा केव्हाही बरे. परंतु सारी हयात कामगारांत गेल्यामुळे आम्हाला एक खोड जडली आहे : माल दिसला की तो कोणाच्या घामाचा, हे आम्ही विचारतो.

येथे माल म्हणजे हे स्वप्नच. ‘बबल’ नावाच्या सेवेत चाहती दरमहा पैसे भरते. गायक एकच निरोप सर्वांना धाडतो. प्रत्येकीच्या पडद्यावर मात्र तो तिला एकटीलाच लिहिल्यासारखा उमटतो. हे स्वप्न टिकावे म्हणून गायकाला एकटे दिसणे भाग पडते. २०२० साली ‘एक्सो’ गटातील चेनने लग्न जाहीर केले, तेव्हा त्याला गटातून काढा म्हणून काही चाहत्यांनी सोलमध्ये निदर्शने केली. २०२४ साली ‘एस्पा’तील करीनाने प्रेम जुळल्याबद्दल स्वहस्ते माफीपत्र लिहिले. त्याच वर्षी ‘न्यूजीन्स’मधील हन्नीचा कामाच्या जागी छळ होतो अशी दाद मागितली गेली, कायद्याप्रमाणे ती कामगारच नव्हे, असा निर्णय कामगार खात्याने दिला.

आम्ही जन्मभर मोर्चे काढले. कोणाच्या लग्नाविरुद्ध कधी काढला नाही. स्वप्न खुशाल पाहावे. मात्र त्या गायकाने दुसरीशी लग्न ठरविले, तर मनोमन अक्षता टाकाव्यात. तो त्याचा हक्क आहे.