गावची खतावणी, दूरचा सर्व्हर

बेंबळीच्या शिवारात सोयाबीन उभं असतं तेव्हा शेतकरी बांधावर जाऊन मोबाइलमध्ये ई-पीक पाहणीचं ॲप उघडतो, पिकाचा फोटो काढतो आणि पेरा नोंदवतो. १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर सुरू झालेल्या या पद्धतीत नोंद फोनमध्ये राहत नाही. ती दूरच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून सातबाऱ्यावर चढते. माहिती एका जागी, वापरणारे अनेक जागी, ही सोय आता व्यापारालाही मिळू लागली आहे. तिचं नाव क्लाउड कम्प्युटिंग.

क्लाउडचे संगणक डेटा सेंटर नावाच्या वातानुकूलित इमारतींत रांगेनं मांडलेले असतात आणि वीज गेली तर आधी बॅटऱ्या आणि मग जनरेटर भार उचलतात. एका ताकदवान सर्व्हरचे सॉफ्टवेअरच्या साहाय्यानं अनेक आभासी भाग पाडले जातात. प्रत्येक भाग स्वतंत्र संगणकासारखा चालतो आणि इंटरनेटवरून भाड्यानं मिळतो. सोयाबीनची रास करायला प्रत्येक जण मळणीयंत्र विकत घेत नाही. ते बोलावतो आणि कट्ट्यामागे पैसे मोजतो. इथेही जेवढा वापर, तेवढं बिल.

हे भाडं तीन प्रकारचं असतं. नुसता संगणक आणि साठवणुकीची जागा घ्यायची, सॉफ्टवेअर बनवण्याची तयार सामग्री घ्यायची किंवा ई-मेल, बिलिंगसारखं तयार सॉफ्टवेअरच वापरायचं. छोट्या व्यापाऱ्याच्या कामाचा असतो तो बहुधा तिसरा प्रकार.

ॲमेझॉननं २००६ मध्ये अशी सेवा विकायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत क्लाउडची केंद्रं उघडली. २०१६ मध्ये ॲमेझॉनही मुंबईत आली. मात्र हा धंदा फक्त परदेशी कंपन्यांचा राहिला नाही. २००५ मध्ये पीयूष सोमाणी यांनी उभारलेली नाशिकची ईएसडीएस कंपनी अनेक सहकारी बँकांना क्लाउड सेवा पुरवते. स्वतःचं डेटा सेंटर बांधणं ज्यांच्या आवाक्याबाहेर आहे, अशा बँकांचा कारभार त्यामुळे मोठ्या बँकांच्या तोडीच्या यंत्रणेवर चालू शकतो.

गावाच्या दृष्टीनं सर्वांत मोठा बदल विकास सोसायट्यांत होत आहे. २९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे अशाच सोसायट्यांच्या, संगणकीकरणाला मंजुरी दिली. त्यासाठी २,५१६ कोटी रुपयांची तरतूद झाली आणि क्लाउडवरचं एकच सामाईक सॉफ्टवेअर ठरलं. पीककर्ज, वसुली, व्याज, खतविक्री या नोंदी गटसचिवाच्या कीर्द-खतावणीतून त्यावर आल्या, की जिल्हा बँकेला सोसायटीचा ताळेबंद पाहायला वर्षअखेरीच्या तपासणीची वाट पाहावी लागत नाही. सभासदाच्या खात्यावर नेमकं किती येणं आहे, यावरून होणारे वाद मिटवायलाही ही नोंद उपयोगी पडते.

आडत दुकानदाराचा फायदाही असाच रोकडा आहे. बिल, जीएसटीचा हिशेब आणि उधारी क्लाउडवर असेल तर दुकानातला संगणक बिघडला तरी धंदा थांबत नाही. दुसऱ्या यंत्रावर लॉगिन केलं की खातं समोर येतं. सणासुदीला गिऱ्हाईक वाढलं तर क्षमता वाढवून घेता येते आणि नंतर कमीही करता येते.

पण क्लाउडवर ठेवलं म्हणजे निर्धास्त झालं, असं नाही. इंटरनेट बंद पडलं की काम अडतं. मे २०२४ मध्ये गूगल क्लाउडवरच्या एका चुकीच्या मांडणीमुळे ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची तिथली खासगी क्लाउड यंत्रणा पुसली गेली. पाच लाखांहून अधिक सभासदांची सेवा सुमारे आठवडाभर विस्कळीत झाली. दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेली प्रत यंत्रणा पुन्हा उभी करताना कामी आली.

म्हणून सेवा घेण्यापूर्वी चार गोष्टी लेखी विचाराव्यात: डेटा कुठे राहणार, बॅकअप किती वेळानं होणार, करार संपल्यावर आपला डेटा कोणत्या स्वरूपात परत मिळणार आणि दुसऱ्या वर्षापासून भाडं किती. यंदाच्या पाडव्याला वहीपूजन करणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्यानं आणखी दोन कामं करावीत. खात्याला पासवर्डसोबत ओटीपीचं दुसरं कुलूप लावावं आणि हिशेबाची एक प्रत क्लाउडबाहेर, स्वतःच्या ताब्यात ठेवावी.