टू-स्ट्रोक मोटरसायकलची तेलनळी

तेलनळी ही स्वतंत्र वंगणपंप असलेल्या टू-स्ट्रोक मोटरसायकलमध्ये तेलाच्या टाकीतून पंपाकडे आणि पंपाकडून इंजिनाकडे वंगणतेल वाहून नेणारी बारीक नळी होय. जुन्या गाड्यांमध्ये ती कालांतराने ताठर होऊन तडकते किंवा सांध्यातून निसटते. नळी तुटल्यानंतरही इंजिन काही काळ नेहमीसारखे चालत राहते, त्यामुळे बिघाड बहुधा दट्ट्या सिलिंडरमध्ये अडकल्यावरच उघडकीस येतो.

पार्श्वभूमी

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण क्रँककेसमधून सिलिंडरमध्ये जाते. त्यामुळे फोर-स्ट्रोक इंजिनाप्रमाणे तळाशी तेल साठवून ते पुन्हा पुन्हा फिरवता येत नाही. वंगण इंधनाबरोबरच आत जाते आणि जळून धुराच्या रूपाने बाहेर पडते. गिअरपेटीतील तेल वेगळे असते. ते पुरेसे आहे एवढ्यावरून इंजिनाला वंगण मिळत असल्याचा निष्कर्ष काढणे चूक ठरते, आणि ही चूक जाणत्या वाहनधारकांकडूनही होते.

वंगण पुरवण्याची जुनी पद्धत म्हणजे पेट्रोलमध्येच तेल मिसळणे. भारतीय रस्त्यांवरील जावा, येझदी, राजदूत १७५ आणि बजाजच्या स्कूटर याच पद्धतीच्या. पेट्रोल पंपावर लिटरमागे २० मिलिलिटर ‘टू-टी’ तेल मापून टाकण्याचे दृश्य एका पिढीला परिचित आहे. यामाहा कंपनीने १९६४ साली वायए-६ या गाडीवर ‘ऑटोल्यूब’ ही स्वतंत्र वंगणपंपाची योजना आणली. तेलाची टाकी वेगळी झाली आणि इंजिनाच्या फेऱ्यांनुसार व ॲक्सिलरेटरच्या उघडझापीनुसार तेल कमीजास्त होऊ लागले.

भारतात या योजनेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या परवान्याने १९८३ पासून तयार केलेली राजदूत ३५०. ती यामाहा आरडी ३५० ची भारतीय आवृत्ती होय. ३४७ घन सेंटिमीटर क्षमतेच्या या इंजिनाला दोन सिलिंडर आहेत, आणि प्रत्येक सिलिंडरसाठी पंपातून वेगळी नळी निघते. नामसाधर्म्यामुळे गोंधळ होतो म्हणून नोंदवणे आवश्यक आहे की, खेड्यापाड्यांत दुधाचे कॅन वाहणाऱ्या राजदूत १७५ ला अशी नळी नसते.

नळी तुटण्याची कारणे

टाकीपासून पंपापर्यंतची नळी जाड असते आणि तीतून तेल स्वतःच्या वजनाने खाली उतरते. पंपापासून इंजिनापर्यंतच्या नळ्या मात्र अगदी बारीक असतात. मूळ गाडीत त्या अर्धपारदर्शक प्लास्टिकच्या असत. अशा प्लास्टिकला लवचिकता देणारी द्रव्ये उष्णतेने व तेलाच्या संपर्काने हळूहळू निघून जातात. नळी प्रथम पिवळी पडते, मग आखडते आणि शेवटी कंपनाने सांध्याजवळ तडकते.

भंडारा जिल्ह्यातील लाखनी हे तालुक्याचे गाव नागपूर-रायपूर राष्ट्रीय महामार्गावर आहे. या भागात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. पत्र्याच्या छपराखाली महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीच्या नळ्या चालत्या गाडीपेक्षा कमी झिजतात, हा समज चुकीचा आहे. तेथे कंपन नसले तरी उष्णतेने आखडणे चालूच राहते. अशी गाडी दीर्घकाळानंतर बाहेर काढताना नळ्या दिसायला शाबूत असल्या, तरी बदलणेच श्रेयस्कर.

बिघाडाची लक्षणे

पंपापुढील नळी तुटली, तर पंप तेल ढकलत राहतो. ते फक्त इंजिनाऐवजी बाहेर सांडते. त्यामुळे टाकीतील पातळी रोजच्यासारखीच घटते आणि मालक निश्चिंत राहतो. याउलट नळी चोंदली असेल, तर पातळी घटतच नाही. दोन सिलिंडरच्या गाडीत एक नळी तुटल्यास दुसरे सिलिंडर सुरळीत चालते. अशा वेळी दोन्ही सायलेन्सरांचा धूर ताडून पाहावा. एका बाजूचा धूर विरळ होणे ही महत्त्वाची खूण होय. पंपाच्या झाकणाखाली किंवा क्रँककेसवर तेलाचा ओला माग दिसणे ही दुसरी.

वंगण थांबल्यावर ॲल्युमिनियमचा दट्ट्या सिलिंडरच्या बिडाच्या अस्तरापेक्षा अधिक प्रसरण पावतो आणि त्यात आवळला जातो. यालाच गॅरेजच्या भाषेत ‘इंजिन सीझ होणे’ म्हणतात. भरवेगात असे झाले, तर मागचे चाक एकाएकी थांबून गाडी घसरते. इंजिनाचा आवाज अचानक जड होऊन वेग ओढल्यासारखा कमी होऊ लागताच क्लच दाबणे, हाच तत्काळ उपाय असतो.

नव्या नळीची निवड

सलाइनची नळी स्वस्त, पारदर्शक आणि सहज मिळणारी असल्याने अनेक ठिकाणी तीच बसवली जाते. पेट्रोल आणि तेल यांच्या संपर्कात ती लवकरच कडक होते. तिच्यावर गाडी घरापर्यंत न्यावी, त्यापुढे नाही. सिलिकॉनची नळी उष्णता सोसते, परंतु पेट्रोल-तेलाने फुगते. शिवाय पंप एका वेळी थेंबाहूनही कमी तेल ढकलत असतो. नळी फार मऊ असेल, तर तो दाब तिच्या भिंती ताणण्यातच खर्ची पडतो आणि तेल नेमके पोहोचत नाही. म्हणून पंपापुढे इंधन व तेल सोसणारी, किंचित ताठ आणि जमल्यास अर्धपारदर्शक नळी हवी. टाकीकडील जाड नळीसाठी तेलरोधक नायट्राइल रबर चालते. आतील व्यास जुन्या नळीवरून किंवा तोटीवरून मोजूनच घ्यावा. सैल नळीला तारेने आवळून बसवणे हा पुढच्या बिघाडाचा पाया ठरतो.

बदलण्याची पद्धत

काम गाडी थंड असताना करावे. प्रथम पंपाभोवतीची धूळ व चिकटा पूर्ण पुसून काढावा, कारण वाळूचा एक कणही बारीक नळीत अडकू शकतो. कोणती नळी कोणत्या सिलिंडरची, याची खूण करून मगच जुन्या नळ्या काढाव्यात. नव्या नळ्यांची लांबी जुन्यांइतकी ठेवावी. त्या सायलेन्सर अथवा सिलिंडरच्या पंख्यांना टेकू नयेत आणि कोठेही मुरडू नयेत.

नळीचे टोक पंपाला पोकळ बँजो बोल्टने जोडलेले असल्यास त्याच्या दोन्ही बाजूंचे वॉशर नवे घालावेत. हे बोल्ट हलक्या हातानेच आवळावेत. ॲल्युमिनियममधील आटे एकदा गेले, की काही रुपयांचे काम पंप बदलण्यापर्यंत जाते.

तेलाच्या मार्गात एकदिशा झडप असते. काही गाड्यांत ती पंपाच्या तोंडाशी, तर काहींत इंजिनाकडील टोकाशी बसवलेली असते. गाडी उभी असताना तेल झिरपून क्रँककेसमध्ये जाऊ नये, हे तिचे काम. सिरिंजने तेल ढकलून ते एकाच दिशेने जाते का, हे पाहावे. सकाळी गाडी सुरू करताच धुराचा लोट उठत असेल, तर ही झडप गळते असे समजण्यास हरकत नाही.

हवा काढणे

नळी बसवली म्हणजे काम झाले, असे नाही. बहुतेक नुकसान याच टप्प्यावरील घाईने होते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला, तर तो पुढे सरकेपर्यंत सिलिंडर कोरडे चालते. म्हणून नळ्या जोडण्यापूर्वीच सिरिंजने तेलाने भरून घ्याव्यात. टाकीत तेल भरल्यावर पंपावरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करावा. ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून पंपाची चकती बाणाच्या दिशेने हाताने फिरवावी आणि बुडबुडे थांबून सलग तेल येऊ लागले, की स्क्रू बंद करावा.

यानंतरच्या पहिल्या टाकीत पेट्रोलमध्ये लिटरमागे सुमारे ४० मिलिलिटर तेल मिसळावे. धूर वाढेल, पण नळीत हवा राहिलीच असेल तर दट्ट्या वाचेल. ॲक्सिलरेटरची केबल आणि पंपाची केबल एकत्र हलतात. केबलचा सैलपणा संपताच पंपाच्या चाकावरील खूण ठरलेल्या जागी येते का, हेही तपासावे. ती मागे राहिल्यास नळी निर्दोष असूनही तेल कमी पडते.

पंप काढून टाकण्याचा पर्याय

पुष्कळ मालक नळ्यांच्या कटकटीला कंटाळून पंपच काढून टाकतात आणि पेट्रोलमध्ये तेल मिसळतात. यात नळी तुटण्याची भीती उरत नाही, हे खरे. परंतु गरजेनुसार तेल कमीजास्त होण्याची सोय जाते. लांब उतारावर ॲक्सिलरेटर बंद ठेवून इंजिन वेगाने फिरत राहिले, तर पेट्रोलबरोबर येणारे तेलही जवळजवळ थांबते. पंप मात्र फेऱ्यांनुसार थोडे तेल देतच राहतो. शिवाय पेट्रोल भरताना एकदा तेल विसरले, तर परिणाम तुटलेल्या नळीसारखाच होतो. पंप काढल्यावर त्याच्या जागेचे आणि आवक मार्गावरील तोट्यांचे तोंड घट्ट बंद करावे लागते. तेथून हवा शिरली, तर मिश्रणातील पेट्रोल कमी पडून दट्ट्या अवाजवी तापतो.