ब्रायन मे यांचा गिटार साउंड फ्लॅटमध्ये काढता येतो का? अ‍ॅम्प मॉडेलिंग नेमकं काय असतं?

क्वीन बँडचे गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकले, हे आपल्याकडे अनेकांना माहीत असतं. पण क्वीनचं गाणं दोन सेकंदांत ओळखू येतं, ते बऱ्याचदा ब्रायन मे यांच्या गिटारमुळे.

हाच आवाज घरी काढायचा म्हटलं तर पहिली अडचण अ‍ॅम्पची. मे वापरतात तो व्हॉक्स एसी30 तीसेक किलोंचा असतो आणि त्याचा खरा आवाज व्हॉल्यूम पूर्ण वाढवल्यावरच येतो. फ्लॅटमध्ये तो तसा लावला तर पाच मिनिटांत शेजारी दारात येतील. त्यामुळे अनेक जण डिजिटल अ‍ॅम्प मॉडेलरकडे वळतात.

मूळ रिगमध्ये आहे काय?

गिटार: 'रेड स्पेशल'. मे यांनी ती 1963 पासून वडिलांसोबत घरीच बनवली. तिची मान जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची आहे. तिच्यात तीन बर्न्स ट्राय-सॉनिक पिकअप आहेत आणि ते सिरीजमध्ये जोडलेले आहेत.

पिक: प्लास्टिकच्या पिकऐवजी ब्रिटनचं जुनं सिक्सपेन्सचं नाणं. त्याच्या कडेच्या खाचा तारेवर घासल्या की स्वराच्या सुरुवातीला बारीक खरखर येते.

ट्रेबल बूस्टर: हा सिग्नल वाढवतो, पण मुख्यतः वरच्या पट्टीचा. त्यामुळे अ‍ॅम्प फाटून वाजतो, तरी आवाज गढूळ होत नाही.

अ‍ॅम्प: एसी30 चं नॉर्मल चॅनेल. यात चार ईएल84 व्हॉल्व्ह आणि 12 इंचांचे दोन स्पीकर असतात.

मॉडेलर काम कसं करतो?

व्हॉल्व्हवर मर्यादेपेक्षा जास्त सिग्नल सोडला की लहरींची टोकं दबतात. गिटारवादकांना आवडणारं डिस्टॉर्शन ते हेच. मॉडेलर ही क्रिया गणिताने करतो आणि त्याच्या मुख्य पद्धती दोन आहेत.

पहिल्या पद्धतीत अ‍ॅम्पच्या सर्किटचं वागणं सॉफ्टवेअरमध्ये उतरवतात. लाइन 6 च्या हेलिक्समध्ये असे मॉडेल असतात. दुसऱ्या पद्धतीत खऱ्या अ‍ॅम्पमधून चाचणीचे सिग्नल पाठवतात आणि बाहेर काय आलं यावरून त्याची नक्कल तयार करतात. केम्पर प्रोफाइलर आणि क्वाड कॉर्टेक्स हे काम करतात. 'न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर' हे सॉफ्टवेअर तर मोफत आहे. ते वापरायला कॉम्प्युटर आणि ऑडिओ इंटरफेस लागतो.

यानंतर येतो 'आयआर', म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स. स्पीकर, त्याची पेटी आणि समोरचा माइक मिळून आवाजाला जो रंग देतात, त्याची ही नोंद असते. आयआर बदलला की तोच अ‍ॅम्प वेगळाच वाटू लागतो. म्हणून आवाज जमत नसेल तर अ‍ॅम्पचे नॉब फिरवत बसण्याआधी आयआर बदलून बघावा.

रिग कशी लावायची?

क्रम सोपा आहे: ट्रेबल बूस्टर, मग एसी30 चं नॉर्मल चॅनेल व्हॉल्यूम पूर्ण ठेवून, मग 12 इंचांच्या दोन स्पीकरचा आयआर.

बहुतेकांची गडबड होते ती डिलेमध्ये. 'ब्रायटन रॉक'सारख्या गाण्यात मे स्वतःच्याच प्रतिध्वनीबरोबर सुरावट रचतात. त्यासाठी मूळ स्वर एका अ‍ॅम्पला आणि प्रतिध्वनी दुसऱ्या अ‍ॅम्पना जातात. सगळं एकाच अ‍ॅम्पमध्ये घातलं तर डिस्टॉर्शनमध्ये स्वर एकमेकांत मिसळून लगदा होतो. तीन अ‍ॅम्प लावण्याइतकी तुमच्या मॉडेलरची ताकद नसेल, तर डिले अ‍ॅम्पच्या आधी न लावता नंतर लावा. एक प्रतिध्वनी डावीकडे ठेवा, एक उजवीकडे.

तरीही आवाज जुळत नाही, असं का?

पहिलं कारण गिटार. स्ट्रॅटोकास्टरसारख्या गिटारमध्ये दोन पिकअप एकत्र लावले की ते सहसा पॅरललमध्ये असतात, त्यामुळे आवाज पातळ येतो. रेड स्पेशलमध्ये ते सिरीजमध्ये असल्याने आवाज भरदार येतो. हंबकरच्या दोन कॉइलही साधारणपणे सिरीजमध्येच असतात, म्हणून हंबकरने सुरुवात करणं सोयीचं. आवाज हुबेहूब येणार नाही, पण अ‍ॅम्पला मिळणारा जोर जवळ जाईल.

दुसरं कारण ऐकण्याची पातळी. कमी आवाजात आपल्या कानाला बास कमी ऐकू येतो. मग रात्री हेडफोनवर बास वाढवून प्रीसेट सेव्ह होतो आणि बँडच्या प्रॅक्टिसला तोच घुमायला लागतो. प्रीसेट मोठ्या आवाजात एकदा तरी तपासायलाच हवा.

तिसरं कारण तुलना. आयआर लावलेला मॉडेलर देतो तो माइकमधून रेकॉर्ड झालेल्या अ‍ॅम्पचा आवाज. खोलीत समोर अ‍ॅम्प ठेवल्यावर जो दणका बसतो, तो हेडफोनमध्ये शोधून सापडणार नाही. तुलना करायची तर मूळ रेकॉर्डिंगशी करा.

मग महागडा मॉडेलर घ्यायचा का?

लगेच नको. मे अ‍ॅम्प पूर्ण ठेवतात आणि आवाज स्वच्छ हवा असेल तेव्हा गिटारचाच व्हॉल्यूम कमी करतात. मोफत सॉफ्टवेअरवरही हे करून बघता येतं. व्हॉल्यूम 10 वरून 5 वर आणल्यावर डिस्टॉर्शन विरळ होत गेलं, तर मॉडेल चांगलं आहे असं समजा. नुसताच आवाज बारीक होत असेल, तर आधी इनपुटची पातळी तपासा. मग दुसरं मॉडेल लावून बघा. पैसे खर्च करायचा विचार त्यानंतर.