दादरची जया लिहायचं का थांबवते?

दिवाळी अंकाचं पंचांग कथालेखकाला उलटं वाचावं लागतं. अंक हातात येतो तेव्हा दारात आकाशकंदील असतो, पण त्यातली कथा पाठवलेली असते ऐन पावसाळ्यात. जून-जुलैत संपादकांचे निरोप जातात. ज्यांना निरोप जातो ते थोडे, ज्यांना जात नाही ते पुष्कळ. हे पुष्कळ लोक न मागितलेली कथा पाठवतात आणि वाट पाहतात. पूर्वी कथेसोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट चिकटवलेलं पाकीट जोडायची रीत होती. तेच पाकीट जाडजूड होऊन परत आलं की फोडायच्या आधीच कळायचं: साभार परत. आता सगळं ईमेलवर चालतं आणि बहुतेक वेळा नकारसुद्धा येत नाही. दिवाळीत अंक चाळून आपलं नाव अनुक्रमणिकेत नाही हे पाहायचं, तोच निकाल.

अशा वाटेवर हुरूप कसा टिकवायचा, हे सांगणारी पुस्तकं मुबलक आहेत. पहाटे उठा, रोज अमुक शब्द लिहा, नकारपत्रं भिंतीला टाचा. मला या सगळ्यांपेक्षा एका कादंबरीतलं निदान जास्त नेमकं वाटतं. तिची नायिका दादरच्या एका जुन्या फ्लॅटमध्ये बसून आपण लिहायचं का सोडलं याचा हिशेब मांडते, आणि तिच्या लेखिकेचं घर आहे बंगळुरूच्या जयनगरात. कादंबरी ‘दॅट लाँग सायलेन्स’, लेखिका शशी देशपांडे.

जयनगर ही 1948 साली आखलेली वसाहत, म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वोडेयार यांच्या नावाची. ब्लॉकवार रचना, सरळ रस्ते, भरपूर झाडी, चौथ्या ब्लॉकमधला गजबजलेला बाजार. शेजारच्या बसवनगुडी-गविपुरम भागात मास्ती वेंकटेश अय्यंगार राहिले, पलीकडच्या जे. पी. नगरात गिरीश कार्नाड. दक्षिण बंगळुरूत लेखकांची कमी कधीच नव्हती. पण शशीताईंचा प्रवास मास्तींसारखा नाही आणि कार्नाडांसारखाही नाही. कार्नाडांना ऑक्सफर्डला जाण्याच्या सुमारास लिहिलेल्या ‘ययाति’साठी धारवाडची मनोहर ग्रंथमाला मिळाली आणि 1961 साली, वयाच्या तेविशीत, नाटक छापून आलं. कार्नाडांच्याच वर्षी, म्हणजे 1938 मध्ये, जन्मलेल्या शशीताईंचं पहिलं पुस्तक यायला चाळिशी उजाडली.

त्यांचं घर मात्र साहित्याचंच. वडील आद्य रंगाचार्य, म्हणजे कन्नड रंगभूमीवरचे ‘श्रीरंग’. धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक, आणि 1971 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारे नाटककार. आई मराठी. बाप कन्नड, आई मराठी आणि शाळा इंग्रजी, हे मिश्रण धारवाडकडच्या माणसाला अजिबात नवलाचं वाटणार नाही. जी. ए. कुलकर्णी याच गावात इंग्रजी शिकवत मराठी कथा लिहीत होते, आणि घरी मराठी बोलणारे बेंद्रे कन्नडचे महाकवी झाले. शशीताई लिहू लागल्या त्या इंग्रजीत, कारण वाचन त्याच भाषेतलं होतं.

लेखनाची सुरुवातही बेताचीच. अर्थशास्त्राची आणि कायद्याची पदवी, 1962 मध्ये लग्न, मुंबईतला संसार, लहान मुलं. 1969 च्या सुमारास पतीच्या शिष्यवृत्तीमुळे वर्षभर इंग्लंडात राहणं झालं. परतल्यावर तिथले अनुभव विसरायला नकोत म्हणून त्यांनी लिहून काढले. घरच्यांनीच ते पुढे पाठवले आणि ‘डेक्कन हेरल्ड’ने छापले. मग त्यांनी भारतीय विद्या भवनात पत्रकारितेचा अभ्यासक्रम केला, ‘ऑनलुकर’ मासिकात थोडे दिवस काम केलं आणि 1970 मध्ये पहिली कथा प्रसिद्ध झाली.

यानंतरची आठ वर्षं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात, आणि लेखकांच्या चरित्रात नेमकी हीच वर्षं दोन ओळींत उरकली जातात. भारतात इंग्रजी कथा छापायची तर तेव्हा जागा कुठे होती? पेंग्विन इंडियाची पहिली पुस्तकं आली ती 1987 मध्ये. सलमान रश्दींच्या ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’मुळे भारतीय इंग्रजी कादंबरीकडे जगाचं लक्ष वळलं 1981 नंतर. सत्तरच्या दशकात उरत होती ती ‘फेमिना’, ‘इव्ह्ज वीकली’सारखी बायकांची नियतकालिकं. पाककृती आणि विणकामाच्या पानांशेजारी कथा छापून यायची. गंभीर समीक्षक ती पानं उघडत नसत. वाचणाऱ्या बायका मात्र होत्या, आणि त्या वाचत होत्या.

पहिला कथासंग्रह ‘द लेगसी’ 1978 साली आला तो कलकत्त्याच्या रायटर्स वर्कशॉपकडून. पी. लाल यांनी 1958 मध्ये सुरू केलेली ही संस्था हातमागाच्या साडीच्या कापडात बांधलेल्या देखण्या पुस्तकांसाठी ओळखली जाते. छोट्या आवृत्त्या, विक्रीची यंत्रणा जवळपास नाहीच, आणि काही प्रती लेखकानेच विकत घ्यायच्या असा एकूण व्यवहार. मराठीतल्या नव्या लेखकाला हे परकं वाटू नये. एकेकाळी हजाराची आवृत्ती सहज निघे. आज त्याहून बऱ्याच कमी प्रती काढून अंदाज घेतात, आणि खर्चाचा वाटा लेखकाने उचलावा असं सुचवणारे प्रकाशकही भेटतात. त्यात भूषण काही नाही, पण त्या काळी लाल यांच्याकडे पुस्तक देणाऱ्यांत पुढे नावारूपाला आलेले लेखक थोडेथोडके नाहीत. आपल्याकडे अशा पुस्तकाला लगेच ‘पैसे देऊन छापलेलं’ म्हणून नाक मुरडतात. आत काय लिहिलंय ते पाहायचे कष्ट वाचतात.

लहान जागांना शशीताईंनी कमी लेखलं नाही. याच काळात त्यांनी मुलांसाठी पुस्तकं लिहिली. ‘इफ आय डाय टुडे’ (1982) आणि ‘कम अप अँड बी डेड’ (1983) या रहस्याच्या अंगाने जाणाऱ्या कादंबऱ्या लिहिल्या. मराठीत या प्रकाराला अनंत अंतरकरांनी ‘नवल’ मासिकात मानाची जागा दिली होती. तरी ‘खरा’ लेखक तिकडे वळत नाही, हा समज अजून गेलेला नाही. रहस्यकथा लिहिताना माहिती कुठे दडवायची, कधी उघड करायची, वाचकाला किती वेळ ताटकळत ठेवायचं, हे हात बसवूनच शिकावं लागतं. शशीताईंच्या पुढच्या कादंबऱ्यांत भूतकाळ ज्या थेंबाथेंबाने झिरपत येतो, त्यात ही तालीम मला दिसते. एका कथेचं बी कादंबरीत रुजवण्याचं कामही तेव्हाच झालं: ‘अ लिबरेटेड वुमन’ या कथेतला पेच वाढत जाऊन 1980 ची ‘द डार्क होल्ड्स नो टेरर्स’ झाली. तिची नायिका सरू यशस्वी डॉक्टर आहे. नवरा कॉलेजच्या दिवसांतला होतकरू कवी, पुढे तुटपुंज्या पगाराचा प्राध्यापक. कविता सुटली, पण आपण कवी होतो हे सुटलं नाही, आणि त्याचं विष कुठे उतरतं ते कादंबरी निर्दयपणे दाखवते. न लिहिणारा लेखक घरात काय करतो, याबद्दल इतकं अस्वस्थ करणारं मी फार थोडं वाचलं आहे.

‘दॅट लाँग सायलेन्स’ 1988 मध्ये लंडनच्या विरागो प्रेसने काढली. स्त्रियांचं लेखन छापण्यासाठीच 1973 मध्ये उभी राहिलेली ही संस्था. लेखिकेचं वय तेव्हा पन्नास. कादंबरीतली जया गृहिणी आहे आणि लेखिकाही. तिच्या एका कथेला मासिकाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालेलं आहे. नवरा मोहन ती वाचतो आणि दुखावतो: हे तर आपल्याविषयी आहे, आता लोक काय म्हणतील? जया गप्प होते. मग काही काळ टोपणनावाने लिहून पाहते, कथा परत येत राहतात. शेवटी ती ‘सीता’ नावाचं हलकंफुलकं सदर लिहू लागते. ते चालतं, संपादक खूश, वाचक खूश, मोहनही खूश.

इथवर हे ओळखीचं आहे. घराने गिळलेल्या लेखिकेची गोष्ट म्हणून ती संपवता आली असती आणि टाळ्याही मिळाल्या असत्या. पण वरच्या मजल्यावरचा कामत नावाचा शेजारी जयाच्या परत आलेल्या कथा वाचतो आणि तिला चांगलाच फैलावर घेतो. यात राग कुठे आहे, खोट्या नावाआड का लपतेस, स्वतःला आधी गांभीर्याने घे आणि कष्ट कर, असा त्याचा रोख. आणि पुढे, दादरच्या फ्लॅटमध्ये सगळं उलगडत असताना, जया स्वतःशी कबूल करते की मोहनने लिहू दिलं नाही ही सबब तिला फार सोयीची होती. खरी भीती अपयशाची होती. पूर्ण ताकद लावून लिहिलेली कथा परत आली असती तर पुढे बोलायला काही उरलंच नसतं.

मोहनचं वागणं यामुळे माफ होत नाही, हेही कादंबरी स्पष्ट ठेवते. संसार, नोकरी, पैशांची ओढाताण, मुलं, म्हातारे आईवडील ही अडथळ्यांची यादी खरीच असते; बाईच्या वाट्याला ती दुप्पट येते. पण परत आलेल्या कथांनी जितके लेखक गप्प केले, त्याहून जास्त पाठवण्याआधीच तयार ठेवलेल्या सबबीने केले असावेत, असं मला ही कादंबरी वाचल्यापासून वाटत आलं आहे. ‘संपादकांचे ठरलेले लोक असतात’ हे वाक्य घ्या. ते पुष्कळदा खरं असतं, म्हणून तर ते इतकं उपयोगी पडतं.

टोपणनाव नेहमी पळवाटच असतं असंही नाही. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. तिला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं की लेखक जयंत विष्णु नारळीकर आहेत; आद्याक्षरं उलटी केली होती आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हस्ताक्षरात उतरवून घेतली होती. जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञाला स्वतःच्या नावाचा वशिला नको होता. जया नाव लपवते ते घाव आपल्यावर बसू नये म्हणून, नारळीकरांनी लपवलं ते कथेवर बसायचा तो घाव पुरता बसावा म्हणून. मास्तींनी तर ‘श्रीनिवास’ या नावानेच आयुष्यभर लिहिलं आणि 1983 चं ज्ञानपीठ मिळवलं.

मात्र कामत हवाच. कथा वाचून ‘छान आहे’ म्हणणारे घरोघर सापडतात, त्यांचा काही उपयोग नसतो. कुठे खोटं वाटलं ते सांगणारा एक वाचक पुरतो. मराठीत हे काम दीर्घकाळ काही संपादकांनी केलं. ‘सत्यकथे’चे राम पटवर्धन लेखकांशी कथेबद्दल तपशिलात पत्रव्यवहार करत, कथा परत यायची, पण का ते समजायचं आणि पुन्हा लिहिण्याचं निमंत्रणही त्यात असायचं. ‘सत्यकथा’ 1982 मध्ये बंद झालं. तसं वाचणाऱ्या संपादकांची जागा पूर्णपणे भरून आली असं म्हणवत नाही. कथावाचनाची घरगुती मंडळं, दोन-चार लिहिणाऱ्या मित्रांचा गट, यांतून ती थोडीफार भरते. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी लेखकाला तर असा गट जमवणं भाग आहे, कारण आजूबाजूला त्याची भाषा वाचणारं कुणी असेलच असं नाही.

आणि कधीकधी लेखकाचा धीर सुटलेला असताना हस्तलिखित दुसऱ्याच्या हातात असणं कामी येतं. आर. के. नारायण यांनी ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ला हात घातला तो याच बंगळुरूत, 1930 च्या विजयादशमीला. मुहूर्त आजीने काढून दिला होता. हस्तलिखित एकामागून एका प्रकाशकाकडून परत आलं. इंग्लंडात शिकणाऱ्या किट्टू पूर्णा या मित्राला नारायणांनी कळवून टाकलं की आता त्याला दगड बांधून थेम्समध्ये बुडव. मित्राने ऐकलं नाही. त्याने ते ग्रॅहम ग्रीनपर्यंत पोचवलं, ग्रीनच्या शिफारशीने 1935 मध्ये पुस्तक निघालं. खपलं मात्र बेताचंच, आणि नारायणांना पुढच्या पुस्तकांसाठी पुन्हा प्रकाशक बदलावे लागले. ही गोष्ट सांगताना पूर्णाला विसरून सगळे ग्रीनचं नाव घेतात, ते मला पटत नाही.

पहिलं पुस्तक आलं की वाट संपते, असं शशीताईंच्या बाबतीतही झालं नाही. 1990 मध्ये ‘दॅट लाँग सायलेन्स’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि त्याचबरोबर ‘बायकांचं लेखन’ ही पाटी कायमची चिकटली. बाप, भाऊ, दंगली, संगीत, मृत्यू या सगळ्यांवर लिहूनही चर्चा एकाच खणात. याविरुद्ध त्यांनी ‘रायटिंग फ्रॉम द मार्जिन’ (2003) या निबंधसंग्रहात कडक शब्दांत लिहिलं आहे. लिहिणं मात्र त्या पाटीशी भांडण्यापुरतं राहिलं नाही. ‘द बाइंडिंग व्हाइन’, ‘अ मॅटर ऑफ टाइम’, घर सोडून गाण्यामागे गेलेल्या सावित्रीबाई इंदोरेकरांची ‘स्मॉल रेमेडीज’ (2000), मग ‘मूव्हिंग ऑन’, ‘इन द कंट्री ऑफ डिसीट’, ‘शॅडो प्ले’. मधेच गोविंद निहलानींच्या ‘दृष्टी’ची पटकथा, वडिलांच्या नाटकांचे अनुवाद, आईच्या भाषेतून गौरी देशपांड्यांच्या ‘निरगाठी’चा इंग्रजी अनुवाद. 2015 मध्ये धारवाडात कन्नड विद्वान एम. एम. कलबुर्गींचा खून झाल्यावर साहित्य अकादमीच्या मौनाच्या निषेधार्थ त्यांनी तिथल्या सर्वसाधारण सभेचं सदस्यत्व सोडलं. आणि आत्मकथन आलं 2018 मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. त्याचं नाव त्यांनी ‘लिसन टू मी’ ठेवलं.