ठिणगी कुठे अडली?

१९८५ ते १९९६ दरम्यान आपल्याकडे बनलेल्या यामाहा आरएक्स १००ला सीबी पॉइंट नाहीत, ठिणगीचं काम सीडीआय (कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशन) करतो. मॅग्नेटोतली सोर्स कॉइल त्यातला कपॅसिटर भरते. पल्सर कॉइलने इशारा दिला की तो इग्निशन कॉइलमध्ये रिता होतो आणि प्लगपर्यंत हजारो व्होल्ट पोचतात.

गाडी तापली की बंद, निवली की पहिल्या किकला चालू? अशा वेळी बहुतेक जण सरळ सीडीआय बदलून मोकळे होतात. पैसे अनेकदा पाण्यात! आधी संशय सोर्स कॉइलवर घ्यावा. तिच्या केसासारख्या तारेवरचं इनॅमल जुनं झालं की उष्णतेत वेढे आतल्या आत शॉर्ट होतात. म्हणून मल्टिमीटर इंजिन गरम असतानाच लावा. थंड कॉइल खुशाल बरोबर आकडा दाखवते.

त्याही आधीचं फुकटचं काम: चावीच्या स्विचकडून सीडीआयला येणारी वायर सोडवून पाहा (मग चावीने गाडी बंद होणार नाही, हे ध्यानात ठेवून) आणि अर्थचा गंज पॉलिश पेपरने काढा. दोष सोर्स कॉइलमध्येच निघाला, तर ती रिवाइंड होते. सीडीआय इपॉक्सीत गाडलेला, तो उघडणं जिकिरीचं. ठिणगी तपासताना प्लग इंजिनाच्या धातूला टेकवूनच किक मारा. अधांतरी धरलात, तर धडधाकट सीडीआयही जाऊ शकतो.