शटरचा खडखडाट

नंदुरबारच्या बाजारात दुकानाचे शटर करकरू लागले की पहिला हात ग्रीसच्या डब्याकडे जातो. माझ्या मते चूक तिथेच होते. आवाज बहुधा दोन्ही बाजूंच्या चॅनेलमध्ये साचलेल्या धुळीचा आणि तिच्यात घासणाऱ्या पट्ट्यांचा असतो. ग्रीस लावताच आवाज थांबतो, हे खरे. पण उन्हाळ्यातली कोरडी धूळ त्या चिकट थरावर बसते, खरखरीत लेप तयार होतो आणि करकर परत येते. म्हणून आधी ब्रश आणि फडक्याने चॅनेल कोरडे पुसावे, मगच सिलिकॉन स्प्रेचा पातळ फवारा मारावा. तो सुकतो, धूळ फारशी धरत नाही. मेणबत्ती याहून स्वस्त, पण उन्हात तापलेल्या पत्र्यावर मेण मऊ पडते. एवढे करूनही शटर जड वाटले, तर संशय वरच्या स्प्रिंगचा. ती ताणलेली असते, तिला कारागिरानेच हात लावावा.