पत्ताकोबी आणि मिरगी

नागपूरच्या पूर्वेस, कळमन्याच्या बाजार समितीच्या विस्तीर्ण आवारातून निघालेली पत्ताकोबी शहरातील ज्या ज्या स्वयंपाकघरांत पोचते, त्यांपैकी पुष्कळांत तिच्यासोबत एक धास्तीही शिरते : पानांत दडलेला किडा मेंदूत चढतो आणि माणसाला मिरगी येऊ लागते. कित्येक सुशिक्षित गृहस्थांनी या भयापोटी ही भाजी कायमची वर्ज्य केली आहे. समजूत सर्वस्वी निराधार असती तर तिची वासलात एका वाक्यात लावता आली असती. परंतु तिच्यात सत्याचा अंश आहे, आणि म्हणूनच ती इतकी चिवट झाली आहे.

कोबीवरची हिरवी अळी या प्रकरणी निर्दोष आहे. खरा अपराधी डुकराचा पट्टकृमी, टीनिया सोलियम. डुकराचे अर्धेकच्चे मांस खाणाऱ्याच्या आतड्यात तो काही मीटर लांब वाढतो आणि आश्रयदात्याला फारसा उपद्रव न देता विष्ठेवाटे हजारो सूक्ष्म अंडी बाहेर टाकतो. ती विष्ठा डुकराने खाल्ली की त्याच्या स्नायूंत अळ्यांच्या पुटी धरतात. माणसाने मांसाऐवजी ही अंडीच गिळली, तर त्याच्याही देहाची तीच गत होते, आणि मेंदूत बसलेली पुटी मरू लागली म्हणजे भोवती येणाऱ्या सुजेमुळे झटके येतात. मांसाने पोटात कृमी होतो, अंड्यांनी मेंदूत पुटी. म्हणूनच आजन्म शाकाहारी माणसालाही हा विकार चुकत नाही.

हिंदुस्थानातून परतलेल्या गोऱ्या पलटणींतील अनेक शिपायांना विलायतेत फेफरे येऊ लागले, तेव्हा त्यांच्या कागदांवर 'कारण अज्ञात' अशा अर्थाचे शेरे पडत असत. लष्करी वैद्य विल्यम मॅकआर्थर यांनी १९३४ साली या रोग्यांपैकी अनेकांच्या विकाराचे मूळ कृमीच्या पुटींत असल्याचे दाखविले, आणि १९६१ साली डिक्सन व लिप्सकोम यांनी अशा ४५० रुग्णांचा तपशील प्रसिद्ध केला. संसर्ग आणि पहिला झटका यांत कित्येकदा वर्षे लोटलेली होती.

आपल्याकडील खरा पेच पुढे, सीटी स्कॅन आल्यावर पडला. झटके येणाऱ्या रोग्याच्या मेंदूत एकच लहानशी गाठ दिसे. क्षयाने पिडलेल्या या देशात ती क्षयाचीच मानली जाई, महिनोन्‌महिने क्षयाची औषधे चालत, गाठ नाहीशी होई आणि श्रेय औषधांच्या खाती जमा होई. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील मॅथ्यू चँडी, वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गाठी काढून तपासल्या, तो त्यांत क्षय नव्हे, मरणारा कृमी सापडला. हे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आले; १९९३ साली त्यांनी दोन्ही गाठी ओळखण्याच्या कसोट्या मांडल्या. गाठ २० मिलिमीटरहून लहान असेल, कवटीतील दाब वाढलेला नसेल आणि अंगातील बळ उत्तरोत्तर कमी होत नसेल, तर कवटी उघडण्याचे वा क्षयाची औषधे देण्याचे प्रयोजन सहसा उरत नाही, कारण यांतील पुष्कळ गाठी आपोआप विरून जातात. माझ्या मते या संशोधनाचे सर्वांत मोठे फलित म्हणजे टळलेले अनावश्यक उपचार. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या वेल्लोर परिसरातील पाहणीत अपस्माराच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांत या कृमीचा पुरावा मिळाला.

मग अंडी तोंडात जातात कशी? मैल्याने दूषित पाणी पडलेल्या कच्च्या भाजीवरून ती येऊ शकतात, हे खरे. परंतु पट्टकृमी बाळगणाऱ्या माणसाचा न धुतलेला हात त्याहून अधिक घातक. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे डुकराच्या मांसाला न शिवणाऱ्या सनातनी ज्यू कुटुंबांतील चौघांना हा विकार जडल्याचा वृत्तान्त १९९२ साली प्रसिद्ध झाला, आणि संशय घरकामाला ठेवलेल्या, बाहेरदेशांतून आलेल्या बायकांच्या पोटातील कृमीवर स्थिरावला. तेथे पत्ताकोबीचा संबंधच नव्हता.

आपल्याकडे झटका आला की अजूनही कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात. नागपूरचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. चंद्रशेखर मेश्राम, ज्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी लोकशिक्षणावर भर दिला तो उगाच नव्हे. उपाय मात्र दवाखान्याबाहेरही आहेत. पेरूच्या टुम्बेस प्रांतात माणसांना कृमिनाशक आणि डुकरांना औषध व लस देऊन १०७ पैकी १०५ गावांत संसर्ग थांबविता आला, असे २०१६ साली जाहीर झाले. आणि डुकरांची अशी लस आज नागपुराहून एका रात्रीच्या प्रवासावर असलेल्या हैदराबादेत तयार होते. पत्ताकोबी नीट शिजवून खाण्यास मात्र कोणाचीही हरकत असू नये.